केबिन की आरव्ही? तुम्ही विचारलंत म्हणून

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स-चँडलर भागातल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा, सासू-सासरे यायला लागतात, आणि मला फोन सुरू होतात. ‘तुम्ही हिवाळ्यात लेक हवासूला राहायला जाता ना? आम्हीही आई-बाबांना घेऊन जावं म्हणतोय. केबिन घ्यायची की आरव्ही भाड्याने घ्यायची?’ (आरव्ही म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची, न्हाण्याची सोय आतच असलेली मोठी गाडी.) फोनवर उत्तर देते, पण ते घाईत होतं आणि महत्त्वाचं सांगायचं राहून जातं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

पहिल्यांदाच जाताय आणि सोबत सत्तरीतली माणसं आहेत? मग केबिन घ्या. निदान दोन रात्री, जमल्या तर तीन, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. आरव्ही तेव्हा घ्या, जेव्हा हाताशी चार-पाच दिवस आहेत आणि गाडीची, टाक्यांची, नळ्यांची कामं हौसेने करणारी दोन माणसं घरात आहेत. मात्र या दोन्हींच्या आधी माझं एक मागणं आहे. तिथे मुक्कामाला जा. सकाळी निघायचं, तिथे आणून बसवलेल्या लंडन ब्रिजपुढे फोटो काढायचे, जेवायचं आणि रात्री घरी, असं करू नका. एवढ्यात तळं दिसतही नाही. आणि हे तळं आपण बघायला हवं, कारण आपण ते रोज पितो.

हे शेवटचं वाक्य मी शब्दशः लिहिलंय. लेक हवासू म्हणजे कोलोरॅडो नदीवर पार्कर धरणाने अडवलेलं पाणी. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर, लांबीला सुमारे 45 मैल. या तळ्यातूनच सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा कालवा निघतो. 336 मैल, म्हणजे साधारण 540 किलोमीटर वाळवंटातून वाहत तो फिनिक्सला येतो आणि पुढे टूसॉनकडे जातो. फिनिक्सला हे पाणी पहिल्यांदा पोचलं 1985 मध्ये. आपल्या नळात सॉल्ट आणि व्हेर्दे नद्यांचं पाणी असतं, त्यात हे कोलोरॅडोचं मिसळतं. उत्तर फिनिक्समध्ये किंवा स्कॉट्सडेलला काँक्रीटचा रुंद कालवा तुम्ही नक्की ओलांडला असेल. तोच हा.

आमच्या घरात ही गोष्ट बाबांमुळे शिरली. बाबा पाटबंधारे खात्यात होते, जायकवाडीच्या कालव्यांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. इथे आले की त्यांना मॉल, मंदिर, ग्रँड कॅन्यन हे सगळं दाखवून व्हायचं, आणि मग संध्याकाळी ते विचारायचे, ‘अगं, एवढ्या वाळवंटात पाणी येतं कुठून?’ त्यांना ते दाखवायला म्हणून आम्ही निघालो आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात जात राहिलो.

हिवाळा म्हटलं, ते जपून वाचा. या जागेला ऋतू सांभाळूनच जावं लागतं. ॲरिझोनातलं आजवरचं सर्वांत जास्त तापमान याच लेक हवासू सिटीत नोंदलं गेलं आहे: 29 जून 1994 ला 128 अंश फॅरनहाइट, म्हणजे 53 सेल्सिअस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिथे जायचा विचारही करू नका. मार्चमध्ये हवा सुंदर असते, पण कॉलेजांच्या सुट्ट्या लागतात आणि तळ्यावर वेगवान बोटींचा आणि गाण्यांचा नुसता गोंगाट. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट, हे आपले दिवस. दुपारी वीसच्या आसपास, पहाटे पाच-सहा अंश. स्वेटर, कानटोपी आणि दुपारी गॉगल, तिन्ही रोज लागतं.

पार्कात सोय कशी आहे ते सांगते. लेक हवासू स्टेट पार्क गावाला लागूनच आहे, काठाकाठाने. एका बाजूला केबिन, एका बाजूला तंबू आणि आरव्हींच्या जागा. बऱ्याच जागा थेट पाण्याला भिडलेल्या. पाण्याकाठची जागा हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी हवी असेल तर काही महिने आधी तारीख धरून ठेवावी लागते, कारण मिनेसोटा, अल्बर्टा, सास्काचेवान अशा थंडगार प्रांतांतून निवृत्त मंडळी थंडीभर इकडे मुक्कामाला असतात. मी सोमवार ते गुरुवार म्हणते ते म्हणूनच. आई-बाबांना काय, सगळे वार सारखे. सुट्टी आपल्यालाच काढायची असते, तेवढी काढा.

केबिन हा शब्द ऐकून हॉटेलची खोली डोळ्यांपुढे आणू नका. एक लाकडी खोली, पुढे छोटा ओटा, आत पलंग आणि दोन मजली बंक, दिवे, पंखा, एसी आणि हीटर. बस. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं. आत स्वयंपाक करायचा नाही. बाहेर बाकासकट टेबल आहे आणि कोळशाची शेगडी आहे. आणि संडास-बाथरूम केबिनमध्ये नाही, थोडं चालत जाऊन सामाईक आहे. स्वच्छ असतं, गरम पाणी असतं, पण रात्री दोनला उठून जॅकेट घालून तिथवर जावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, त्यांच्यासाठी हाच एक मुद्दा सगळं ठरवतो. आईसाठी आम्ही बाथरूमच्या सर्वांत जवळची केबिन मागून घेतो आणि दाराशी टॉर्च टांगून ठेवतो. पाण्याचं दृश्य जरा तिरकं मिळालं तरी चालतं. तुम्हीही नकाशा उघडून आधी बाथरूम शोधा, मग केबिन निवडा. त्या वेळी हसाल, पण रात्री पटेल.

केबिनचं खरं सुख तिच्या ओट्यावर आहे. काठ पूर्वेचा, म्हणजे ॲरिझोनाचा. त्यामुळे सूर्य पाण्यापलीकडे, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांमागे मावळतो. चारनंतर डोंगरांचा रंग बदलायला लागतो, आणि अर्धा-पाऊण तास कोणी कोणाशी बोलत नाही. आईला चालवत नाही, पण तिथे तिला कुठे चालायचंच नसतं. प्रवासात म्हाताऱ्या माणसांना आपण जागोजागी उतरवतो, चढवतो, उन्हात उभं करतो. इथे खुर्ची टाकली की झालं, आणि सगळं त्यांच्यापुढे चालत येतं.

आता जेवण. पहिल्या रात्रीचा बेत आमच्याकडे ठरलेला आहे: भरीत आणि भाकरी. शेगडीत कोळसे टाकायचे, इथल्या वाळवंटातल्या मेस्किट झाडाच्या लाकडाचे मिळाले तर उत्तम, आणि ते लाल होऊन वर राखेची पांढरी साय धरेपर्यंत थांबायचं. मोठी जाड वांगी, तेलाचा हात लावून, टोचे मारून, थेट निखाऱ्यांवर. आई खुर्ची ओढून शेगडीशी बसते आणि चिमट्याने वांगी फिरवते. साल तडकून एका ठिकाणाहून वाफेची शिट्टी निघते, देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, तोवर ती कोणाला हात लावू देत नाही. घरच्या इलेक्ट्रिक शेगडीवर तिला इथे कधी मनासारखं वांगं भाजता आलं नव्हतं. मेस्किटचा धूर बाभळीच्या धुराच्या जवळचा आहे. हे पहिल्यांदा तीच म्हणाली. त्यात तथ्य आहे, कारण दोन्ही झाडं काटेरी आणि दोन्ही शेंगांच्या कुळातली. भाकऱ्या मात्र मी घरून करून नेते. काठावर वारा असतो, भाकरीचं पीठ उडतं आणि तव्याला आच नीट लागत नाही. ज्यांना वाऱ्यातही भाकरी थापता येते त्यांना नमस्कार. तिळाची चटणी, कांदा, दही आणि वर कच्चं तेल. शेजारच्या आरव्हीतले कॅनडाचे आजी-आजोबा वास घेत आले तर त्यांनाही द्या. ते दुसऱ्या दिवशी तुम्हाला त्यांच्या गाडीच्या आत नेऊन सगळं दाखवतील. आरव्ही घ्यावी की नाही हे ठरवायला त्याहून चांगली शाळा नाही.

आणि आरव्ही म्हणजे खरोखरच शिकण्याची गोष्ट आहे. भाड्याने मिळते ती बहुतेक ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली पंचवीसेक फुटांची असते. साध्या लायसन्सवर चालवता येते. वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि उंची विसरून पेट्रोल पंपाच्या छपराखाली घुसायचं नसतं, एवढं दोन गोष्टींचं भान पहिला तासभर ठेवलं की हात बसतो. अडचण चालवण्यात नसते, मुक्कामावर असते. गाडी समपातळीत उभी करायची, नाहीतर रात्रभर डोक्यात रक्त उतरतंय असं वाटतं आणि गॅसवरचा फ्रिजही नीट चालत नाही. विजेची जाड वायर जोडायची. जोडणी 30 अँपिअरची असेल तर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नका, खटका पडतो. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, पांढरी. सांडपाण्याची वेगळी. दोन्ही कधीही एका पेटीत ठेवू नका.

आरव्हीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक ताज्या पाण्याची, साधारण दीडशे लिटर. दुसरी ग्रे, म्हणजे बेसिन आणि अंघोळीचं पाणी. तिसरी ब्लॅक, संडासाची. भिंतीवर छोटी पट्टी असते, बटण दाबलं की कुठली टाकी किती भरली ते दिवे सांगतात. हवासूच्या पार्कात जागेवर वीज आणि पाणी मिळतं, सांडपाण्याची जोडणी मात्र नसते, ते निघताना डम्प स्टेशनवर जाऊन सोडायचं. त्यामुळे ताजं पाणी हवं तेवढं असलं तरी ग्रे टाकी भरली की अंघोळ बंद. तिथे आधी ब्लॅकची झडप उघडायची, ती पूर्ण रिकामी झाली की ग्रेची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घाला. हे काम घरातल्या एकाच माणसावर टाकू नका.

मला आरव्ही आवडते ती याच टाक्यांमुळे. घरी आपण नळ सोडतो आणि पाणी कुठून आलं, कुठे गेलं, काहीच कळत नाही. इथे पाच माणसांनी दिवसभरात किती वापरलं ते भिंतीवर उजळतं. माझ्या मुलीला दात घासताना नळ बंद करायची सवय घरी कितीदा सांगून लागली नव्हती. आरव्हीत तिला कोणी सांगावंच लागलं नाही, ती स्वतःच उठून दिवे बघायची आणि सगळ्यांना आकडे वाचून दाखवायची. बाबांनी तिला कागदावर हिशोब मांडायला शिकवलं: माणशी किती लिटर, टाकी किती तासांत भरेल. सत्तर वर्षांचा निवृत्त अभियंता आणि दहा वर्षांची पोर, दोघं सांडपाण्याच्या टाकीवर तास-तास बोलत होते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

तर आरव्ही घ्या, पण आई-वडिलांची तिला ना नसेल तरच. वर चढायच्या पायऱ्या उंच असतात, न्हाणीघर इतकं अरुंद की आत वळताना कोपर लागतं, आणि कोणी कूस बदलली तरी सगळी गाडी हलते. संडास आत असतो, हा मोठा फायदा. माझ्या एका मैत्रिणीने मधला मार्ग काढला: म्हाताऱ्यांना केबिन आणि जवळच्याच जागेवर स्वतःसाठी आरव्ही. खर्च वाढतो, पण त्या आठवड्यात दोन्ही पिढ्या खूश होत्या.

आता रस्ता. चँडलरहून आय-10 ने सरळ पश्चिमेला क्वार्ट्झसाइटपर्यंत, तिथून राज्य महामार्ग 95 ने उत्तरेला पार्करमार्गे. थांबत गेलात तर पाच तास धरा, आणि थांबत जाच. क्वार्ट्झसाइट हे उन्हाळ्यात ओस पडणारं छोटं गाव. जानेवारीत त्याच्या भोवतीच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर नजर पोचेल तिथवर आरव्ही उभ्या असतात. गावच्या स्मशानात दगडांचा एक पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. ती हाजी अलीची समाधी. 1856 मध्ये अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. इथल्या लोकांच्या तोंडी त्याचा ‘हाय जॉली’ झाला. प्रयोग बारगळला, उंट गेले, तो इथेच राहिला आणि 1902 मध्ये वारला. हायवे खात्याने 1935 मध्ये हे स्मारक बांधलं. दूर देशाहून येऊन इथल्या मातीत मिसळलेल्या माणसापुढे आपण दोन मिनिटं उभं राहावं, असं मला वाटतं.

पार्कर सोडून रस्ता नदीकाठाने वर चढला की पार्कर धरण येतं. इथे मात्र घाई करू नका. बाबांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा म्हणाले, ‘एवढंच?’ कारण वर दिसते ती भिंत फार उंच नाही. मग त्यांना कळलं की 320 फुटांच्या या धरणाचे 235 फूट नदीच्या तळाखाली आहेत. पक्का खडक लागेपर्यंत वाळू-गाळ उपसत खाली जावं लागलं. त्यानंतर ते बराच वेळ कठड्याला धरून खाली बघत उभे होते. ज्याने आयुष्यभर पाया खणण्याचे अंदाजपत्रक तपासले, त्यालाच त्या 235 फुटांचं वजन कळतं.

आणि त्या धरणाची गोष्ट बाबांना मी रस्त्यातच सांगितली होती. ते बांधलं 1934 ते 1938 मध्ये, लॉस एंजेलिसकडे पाणी न्यायला. ॲरिझोनाला वाटलं, आपलं पाणी चाललं. गव्हर्नर बेंजामिन मूर यांनी 1934 मध्ये चक्क नॅशनल गार्डचे सैनिक नदीवर पाठवले आणि काम थांबवलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 1935 मध्ये कोर्टाने ॲरिझोनाच्या बाजूने कौल दिला, कारण काँग्रेसची, म्हणजे अमेरिकन संसदेची, रीतसर मंजुरीच नव्हती. मग काँग्रेसने मंजुरी दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. दोन राज्यांचा पाण्याचा तंटा पुढे 1952 ते 1963 असा अकरा वर्षं कोर्टात चालला. कृष्णा आणि गोदावरीचे लवाद ज्यांनी नोकरीत असताना जवळून पाहिले, त्यांना हे ऐकून जराही नवल वाटलं नाही. ‘नदी तीच, वकील बदलतात,’ एवढंच ते म्हणाले.

धरणाच्या जरा वर बिल विल्यम्स नदी तळ्याला मिळते आणि तिथेच आपल्या कालव्याचा उगम आहे. पंप पाण्याला 824 फूट, म्हणजे अडीचशे मीटर, डोंगरावर उचलतात. वर गेलेलं पाणी बोगद्यातून पलीकडे उतरतं आणि कालव्याला लागतं. रस्त्यावरून जाताना डोंगराच्या अंगावर चढत गेलेले पाइप आणि खाली पंपघर दिसतं. ॲरिझोनात सर्वांत जास्त वीज एकटा वापरणारा ग्राहक म्हणजे हा प्रकल्प. नळातून येणारी प्रत्येक बादली डोंगर चढून आलेली आहे, हे इथे उभं राहिलं की कळतं. आधी वाचून माहीत होतं, तरी मला ते कळलं नव्हतं.

तळ्यावर पोचल्यावर आणखी एक गोष्ट बघा. याच नदीवर वरच्या अंगाला असलेल्या लेक मीडला गेला असाल तर खडकांवरचा पांढरा पट्टा आठवत असेल, पाणी किती खाली गेलं त्याची ती खूण. हवासूला असा पट्टा नाही. वरच्या मीड आणि पॉवेल या तळ्यांमध्ये पाण्याचा साठा कमी-जास्त होतो, हवासूची पातळी मात्र कालवे चालावेत म्हणून वर्षभर जवळपास एकसारखी राखतात. म्हणून भरलेलं तळं बघून सगळं आलबेल आहे असं समजू नका. कोलोरॅडोवर पहिल्यांदा अधिकृत तुटवडा 2021 मध्ये जाहीर झाला आणि 2022 पासून त्याची मोठी झळ ॲरिझोनाला, त्यातही या कालव्याला बसली. काठोकाठ भरलेलं पाणी सकाळी डोळ्यांपुढे असतं आणि त्याच्यामागे ही ओढाताण असते. मुलांना दोन्ही सांगा.

सकाळ कशी असते ते सांगायचं राहिलं. सातच्या सुमाराला बोटी नसतात, पाणी सपाट असतं. काठाशी चांदव्यांचे थवे, बाबांना जायकवाडीपासून ओळखीचे, कपाळावर तोच पांढरा ठिपका. आणि जरा आत लांब मानेचा, पाठीने काळा, पोटाने पांढरा, लाल डोळ्यांचा वेस्टर्न ग्रीब. आपल्या टिबुकलीच्या कुळातलाच, पण अंगाने बराच मोठा. हिवाळा सरत आला की जोड्या जमायला लागतात. दोघं समोरासमोर येऊन मान झुकवतात, एकदम वळतात आणि पाण्यावर अक्षरशः उभे राहून शेजारी शेजारी धावत सुटतात, पंख मागे, मान पुढे, पायांचा चटचट आवाज. पाच-सात सेकंद, मग दोघं एकदम बुडी मारतात. फेब्रुवारीत गेलात तर दुर्बीण न्या. आई दुर्बीण लावून तासभर बसते आणि चहा गार होतो.

लंडन ब्रिज बघा, जरूर बघा. 1831 चा थेम्सवरचा हा पूल रॉबर्ट मॅकलॉक या उद्योगपतीने 1968 मध्ये साडेचोवीस लाख डॉलरच्या आसपास विकत घेतला, दगडांवर आकडे घालून इथे आणला आणि काँक्रीटच्या सांगाड्यावर ते दगड पुन्हा चढवले. 1971 मध्ये तो खुला झाला. पूल कोरड्या जमिनीवर उभारला आणि खालून पाणी नंतर खणून नेलं. अर्ध्या तासात बघून होतो.

त्याच्या जवळून सुटणारी फेरी बोट मात्र चुकवू नका. ती पलीकडे कॅलिफोर्नियाच्या काठावर, चेमेहुएवी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांच्या भूमीवर नेते, आणि ती चालवतातही तेच. या तळ्याखाली त्यांची नदीकाठची शेतं आहेत. धरण झालं, पाणी चढलं, आणि सुपीक खोरं बुडालं. लोक पांगले. अमेरिकन सरकारची मान्यता परत मिळून जमात पुन्हा उभी राहिली ती 1970 मध्ये. बाबा फेरीत माझ्या शेजारी बसले होते. नाथसागरात गावं गेली त्या वेळचे लोक त्यांनी पाहिलेले. पैठणच्या बाजाराला आलेला माणूस ‘आमचं गाव त्या तिथं’ म्हणून पाण्याकडे हात करायचा, असं त्यांनी मुलीला सांगितलं. ती पाण्याकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं, ‘आजोबा, तुम्ही त्यांना काय म्हणायचात?’ बाबांनी तिला उत्तर दिलं नाही. आपण पितो त्या पाण्याचा हाही एक भाग आहे, आणि तो मुलांपासून लपवू नये असं माझं मत आहे.

काही किरकोळ, पण लागणाऱ्या गोष्टी. हिवाळ्यात पलीकडचा काठ एक तास मागे असतो. पाण्याशी उभं असताना फोन कधी तिकडचा टॉवर पकडतो आणि घड्याळ आपोआप बदलतं. औषधांच्या वेळा फोनवर ठेवू नका, मनगटी घड्याळ न्या. आरव्हीचं छत्र बाहेर काढून फिरायला जाऊ नका, वाळवंटात वारा न सांगता उठतो आणि छत्र मोडून जातं. थंडीत साप सहसा दिसत नाहीत, विंचू मात्र दगडालाकडाखाली असतात. अंधारात जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चमध्ये ते हिरवट चमकतात, त्यामुळे खुर्चीखाली एकदा टॉर्च फिरवायची आणि बाहेर ठेवलेले बूट झटकून घालायचे. मुलांना हे काम द्या, आनंदाने करतात. स्वतःची बोट किंवा कयाक नेत असाल तर निघताना ती धुऊन, पाणी काढून, पूर्ण वाळवूनच दुसऱ्या तळ्यात घाला. क्वागा नावाचे शिंपले या नदीत 2007 पासून पसरले आहेत, ते पाइप आणि पंप बुजवतात, आणि ओल्या बोटीवर बसून दुसरीकडे पोचतात.

आणि जे एकदा जाऊन आलेत आणि ‘आता कुठे?’ म्हणून विचारतात त्यांच्यासाठी: अलामो लेक. वर सांगितलेल्या बिल विल्यम्स नदीवरच, वेंडन गावाच्या उत्तरेला 38 मैल आत. 1968 चं धरण, पूर अडवण्यासाठी बांधलेलं. तिथेही स्टेट पार्क आहे, तिथेही केबिन आणि आरव्हीच्या जागा आहेत, पण गाव नाही, पूल नाही, बोटींचा गलका नाही. रात्री आकाशगंगा साध्या डोळ्यांनी क्षितिजापर्यंत दिसते, आणि मोकाट गाढवं पहाटे केबिनजवळ चरत येतात. पेट्रोलची टाकी भरून, सगळं खाणं-पिणं बरोबर घेऊन, अमावास्या धरून जा. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर आधी हवासूला दोन रात्री त्यांना कशा गेल्या ते विचारा, मगच तारीख धरा.